जालन्याचे बद्रीनारायण बारवाले



दरवर्षीं १७ सप्टेंबरच्या सकाळीं आपल्या शहरांत सिद्धार्थ उद्यानांतील स्मृतिस्तंभापाशीं ध्वजवंदन होतें. माझ्या नोकरीच्या सर्व काळांत हें शहर औरंगाबाद होतें. २०२३ पासून त्याचें नांव छत्रपती संभाजीनगर आहे. मी प्राथमिक शाळेचा शिक्षक होतों आणि मुलांची रांग घेऊन त्या समारंभास जाण्याचें काम बहुधा माझ्याकडेच येई. तेथें मराठवाडा मुक्तिसंग्रामांतील वृद्ध सैनिकांचा सत्कार होत असे. शाल, श्रीफळ, पुष्पहार, आणि मग कोणीतरी त्यांची माहिती वाचून दाखवी : अमुक सालीं सत्याग्रह केला, अमुक तुरुंगांत इतके महिने काढले. ही माहिती १९४८ सालापाशीं येऊन थांबे व पुढील सन्मानमूर्तीचें नांव पुकारलें जाई. खुर्च्या मात्र वर्षागणिक कमी होत गेल्या.

हा हिशेब मला नेहमींच अपुरा वाटत आला. १९४८ सालीं जो अठरा वर्षांचा होता त्याच्यापुढें अजून पन्नास-साठ वर्षांचें आयुष्य पडलें होतें. तें त्यानें कोठें वेंचलें? निजामाची राजवट गेली तेव्हां मराठवाड्यांत शाळा थोड्या, रस्ते थोडे आणि शेती सर्वस्वीं पावसाच्या हातीं अशी स्थिति होती. लढ्यांतून बाहेर पडलेल्यांपैकीं जे राजकारणांत गेले त्यांचीं नांवें सर्वांस ठाऊक आहेत. गोविंदभाई श्रॉफ यांनीं सरस्वती भुवन शिक्षणसंस्थेचें काम वाढविलें. अनंत भालेराव यांनीं 'मराठवाडा' हें वृत्तपत्र चालविलें. आणि एकानें बियाण्याचा उद्योग केला. आज त्या एकाविषयीं बोलावयाचें मनांत आहे. त्यांचें नांव बद्रीनारायण बारवाले.

तरुण श्रोत्यांसाठीं प्रथम थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं देश स्वतंत्र झाला, पण आपण झालों नाहीं. हैद्राबाद संस्थान भारतांत सामील होण्यास तयार नव्हतें, आणि आपला मराठवाडा त्या संस्थानांत होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं स्टेट काँग्रेसनें लढा पुकारला. पुढचे तेरा महिने या भागांतील लोकांनीं कसे काढले, हें ज्यांनीं घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलें आहे त्यांस मीं सांगावयास नको. एकीकडे कासिम रझवीचे रझाकार, दुसरीकडे सरहद्दीवरील शिबिरांतून येणारे तरुण कार्यकर्ते. करोडगिरीचे नाके उठविणें, शिंदीचीं झाडें तोडणें, लेव्हीचें धान्य न देणें, हीं त्या वेळचीं आंदोलनाचीं साधनें होतीं. लेव्ही म्हणजे शेतकऱ्याच्या खळ्यावरून सरकारनें ठरलेल्या भावानें सक्तीनें न्यावयाचें धान्य. तेव्हां हा लढा गादीसाठीं होता तसाच तो कणगींतल्या दाण्यासाठींहि होता. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें, दुसऱ्या दिवशीं औरंगाबाद मोकळें झालें आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली.

या लढ्यांत जे उतरले त्यांस आपण सैनिक म्हणतों, पण त्यांना गणवेश नव्हता, हुद्दा नव्हता, पगार तर नव्हताच. पुष्कळसे शाळा-कॉलेजांतले विद्यार्थी होते. बारवाले त्यांपैकींच एक. त्यांचा जन्म १९३० सालचा, हिंगोलीचा. हिंगोली तेव्हां परभणी जिल्ह्यांत होती. पुढें जालना हेंच त्यांचें गांव झालें, आणि जालनाहि त्या काळीं आपल्या औरंगाबाद जिल्ह्यांतलाच; तो निराळा जिल्हा झाला १९८१ सालीं. म्हणून या माणसावर आपल्या शहराचाहि थोडा हक्क आहे असें मी समजतों. विद्यार्थिदशेंत त्यांनीं मुक्तिसंग्रामांत भाग घेतला. लढा संपल्यावर ते जालन्यास शेतीकडे वळले.

'जालना सोन्याचा पालना' अशी म्हण आहे. तें सोनें व्यापाराचें होतें. सभोंवतालची शेती म्हणाल तर कोरडवाहू, पाऊस बेभरंवशाचा. अशा ठिकाणीं बारवाल्यांच्या उद्योगाची सुरुवात भेंडीपासून व्हावी, हें ऐकून आपणांस हंसूं येईल. त्या काळीं भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या एका रोगानें तें पीक नासून जात असे. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंत 'पुसा सावनी' नांवाची, या रोगास दाद न देणारी भेंडीची जात तयार झाली होती. बारवाल्यांनीं ती लावली, तिचें बीं धरलें व तें विकूं लागले. शास्त्रज्ञाच्या वाफ्यांत एखादी उत्तम जात तयार होणें निराळें, आणि तिचें शुद्ध बीं मृगापूर्वीं हजारों शेतकऱ्यांच्या घरीं पोंचणें निराळें. या दोहोंच्या मध्यें केवढी मोठी दरी आहे व ती भरून काढण्याचें काम कोणीच करीत नाहीं, हें या भेंडीनें त्यांच्या ध्यानांत आणून दिलें असावें.

ती दरी केवढी होती हें समजण्यासाठीं मला आमच्या घरची गोष्ट सांगावी लागेल. माझे वडील जालन्यापलीकडील एका खेड्यांत शेती करीत. आम्ही त्यांस अण्णा म्हणत असूं. आमच्याकडे बियाणें विकत घेण्याची चाल नव्हती. खळ्यावर मळणी होण्यापूर्वीं अण्णा ढिगांतून टपोरीं, भरगच्च कणसें निवडून बाजूस काढीत. तीं कणसें घरांत आढ्याला टांगलेलीं असत. चुलीचा धूर लागला कीं कीड लागत नाहीं. मग माय त्यांतले दाणे राखेंत घोळून, कडुनिंबाचा पाला घालून मडक्यांत भरी व मडक्याचें तोंड शेणमातीनें लिंपून टाकी. तें मडकें मृगापर्यंत कोणी उघडीत नसे. घरांत दाणा संपला तरी बियाण्याच्या मडक्यास हात लावावयाचा नाहीं. ज्याच्यावर बीं मोडून खाण्याची पाळी आली त्याची गांवांत पत गेली असें समजत. अशा माणसाला सावकाराकडून सवाई-दिढीनें बीं आणावें लागे. म्हणजे विकतचें बीं ही आमच्या दृष्टीनें लाचारीची खूण होती. बारवाल्यांना ज्या गिऱ्हाइकाकडे जावयाचें होतें तें हें असें होतें.

आतां संकरित बियाण्याची भानगड काय आहे तें थोडक्यांत पाहूं. शहरांतील श्रोत्यांनीं येथें कंटाळूं नये, कारण पुढचा सर्व वाद याच ठिकाणीं आहे. जोंधळ्याच्या एकाच फुलांत नर व मादी दोन्ही असतात, त्यामुळें दोन भिन्न जातींचा संकर मोठ्या प्रमाणावर करणें कठीण. शास्त्रज्ञांनीं यावर तोड काढली ती अशी कीं, जिच्या फुलांत जिवंत पराग तयारच होत नाहींत अशी एक नरवंध्य जात शोधली. ही आई. तिच्या कांहीं ओळी, मग बापाच्या दोन ओळी, पुन्हा आईच्या, असें शेत पेरावयाचें. वाऱ्यानें बापाचे पराग आईवर जातात आणि आईच्या कणसांत जें बीं भरतें तें संकरित. या बियाण्याचें पीक आईबाप दोघांहूनहि जोमदार येतें. परंतु शेजारच्या शेतांतला साधा जोंधळा जवळ असेल, किंवा आईच्या ओळींत एखादें भलतेंच ताट राहून गेलें असेल, तर सगळें बीं भेसळीचें होतें. म्हणून दुसरा जोंधळा पुष्कळ अंतरावर ठेवावा लागतो, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत माणसें रोज ओळींतून हिंडवून नको तें ताट उपटून टाकावें लागतें. हें शास्त्र खरें, पण त्याहून अधिक ही डोळ्यांत तेल घालून करण्याची राखण आहे.

सी.एस.एच. १ हा आपल्या देशांतील पहिला संकरित जोंधळा १९६४ सालीं प्रसृत झाला. त्याच सालीं बारवाल्यांनीं जालन्यास महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी काढली. लोक तिला 'महिको' म्हणून ओळखतात. पुढल्या वर्षीं लुधियान्याची संकरित बाजरी आली. राष्ट्रीय बीज निगम ही सरकारी संस्था १९६३ सालीं निघालेली होती, आणि धान्याचें बियाणें पुरविणें हें सरकारचेंच काम अशी तेव्हांची सर्वसाधारण समजूत होती. अशा काळांत जालन्यासारख्या गांवीं एका खासगी माणसानें हा व्यवसाय पतकरणें धाडसाचें होतें. त्यांनीं आसपासच्या शेतकऱ्यांना आईबापांचें बियाणें द्यावें, शेतकऱ्यांनीं त्यांच्या देखरेखीखालीं संकर पिकवावा व कंपनीनें तो विकत घ्यावा, असा हा व्यवहार होता. बीजोत्पादक शेतकरी नांवाचा एक नवाच वर्ग त्यामुळें जालना व शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत निर्माण झाला. आज देऊळगांव राजाच्या बाजूस गेलां तर भाजीपाल्याच्या बियाण्यासाठीं उभारलेलीं जाळीचीं छपरें रस्त्यावरून दिसतात.

या धंद्यांत खरी अडचण विश्वासाची. सोनें कसावर घांसून पाहतां येतें, तुपाचा वास घेतां येतो. बियाण्याची पिशवी फोडून दाणा तळहातावर घेतला तर तो घरच्या दाण्यासारखाच दिसतो. तो खरा कीं खोटा हें कळतें तीन-साडेतीन महिन्यांनीं, आणि तोंपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो. फसलेल्या शेतकऱ्यास पैसे परत मिळाले तरी पाऊस परत मिळत नाहीं. १९६६ सालीं बियाण्याचा कायदा झाला. उगवणशक्ति किती, शुद्धता किती, हें पिशवीवरील चिठ्ठीवर छापणें भाग पडलें. पण चिठ्ठी वाचतां येणारे शेतकरी तरी तेव्हां किती होते? पिशवीवरचें नांव ओळखून ते घेत, आणि पहिल्या वर्षीं शेजाऱ्याच्या रानांत काय उगवलें तें पाहून दुसऱ्या वर्षीं घेत. जालन्याच्या नांवावर माळव्यापासून तेलंगणापर्यंतचा शेतकरी पिशवी उचलूं लागला, यांत त्या फुलोऱ्यांतल्या राखणीचा वांटा मोठा आहे.

अण्णांनीं पहिली पिशवी आणली तेव्हां मी दहा-अकरा वर्षांचा असेन. ती कोणाची होती हें मला आठवत नाहीं. जोंधळा ठेंगणा आला, छातीएवढा; कडबा कमी, म्हणून बैलांच्या नांवानें कुरकुर झाली. भाकरीला घरच्या जोंधळ्याची गोडी नव्हती. तेव्हांपासून कोणतीहि बेचव वस्तु म्हणजे 'हायब्रीड' असा शब्दच आमच्याकडे रूढ झाला, आणि पुढें तो माणसांनाहि लावूं लागले. पण पोतीं मोजलीं तेव्हां तीं दुपटीहून अधिक भरलीं. माय कांहींएक बोलली नाहीं.

अण्णांनीं मग जें नेहमीं करीत तेंच केलें. त्यांतलीं उत्तम कणसें निवडून आढ्याला टांगलीं, मडकें भरलें, लिंपलें आणि दुसऱ्या वर्षीं तेंच पेरलें. पीक उगवलें तें पाहून ते बांधावर मटकन खालीं बसले. एक ताट कमरेएवढें, शेजारचें डोक्यावर गेलेलें. कोणाचें कणीस आधीं, कोणाचें पंधरा दिवसांनीं. कांहीं कणसांत दाणा विरळ. बापजाद्यांपासून चालत आलेली बियाणें निवडण्याची विद्या एका हंगामांत निरुपयोगी झाली. ज्यानें पिशवी विकली त्या दुकानदारानें 'हें बीं पुन्हा धरूं नका' म्हणून सांगितलें नव्हतें, कदाचित् त्यासहि ठाऊक नसेल. मॅट्रिक होऊन मी शिक्षकाच्या प्रशिक्षणास गेलों तेव्हां मेंडेलचे वाटाणे शिकविण्यांत आले : संकराच्या पुढच्या पिढींत आजीआजोबांचे गुण पुन्हा फुटून निराळे होतात. वर्गांतल्या फळ्यावर मला आमचें रान दिसलें.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हां आम्ही अमेरिकेहून आलेली लाल मिलो व सरकारी सुकडी खाल्ली. ज्यांनीं तें खाल्लें आहे ते हायब्रीडच्या भाकरीस नांवें ठेवतांना जरा जपून बोलतात. पुढें खरिपाचा संकरित जोंधळा, बाजरी, मका, मग संकरित कापूस, यांनीं देशाची कोठारें भरण्यास हातभार लावला. तथापि रब्बीच्या जोंधळ्यांत मात्र स्वातंत्र्यापूर्वीं मोहोळ येथें निवडलेली मालदांडी अजून आपलें ठाण मांडून बसलेली आहे आणि तिचें बीं घरीं धरतां येतें, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. सर्वच ठिकाणीं पिशवीचा विजय झाला असें नाहीं.

१९९८ सालीं बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार गव्हाच्या क्रांतीचे जनक नॉर्मन बोर्लॉग यांनीं १९८६ सालीं सुरू केलेला; बारवाल्यांपूर्वीं तो एम. एस. स्वामिनाथन व व्हर्गीस कुरियन यांस मिळाला होता. त्याचें ठाणें अमेरिकेंतील आयोवा राज्यांत आहे. याच आयोवांत हेन्री वॉलेस यांनीं १९२६ सालीं संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली व तेच पुढें अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले. म्हणजे संकरित बियाण्याचा धंदा जेथें रांगूं लागला त्या भूमींत जालन्याच्या माणसाचा गौरव झाला. भारतांत बियाण्याचा उद्योग उभारून लहानमोठ्या सर्व शेतकऱ्यांना उत्तम बियाणें उपलब्ध करून दिलें, हें त्या गौरवाचें कारण. २००१ सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें. तेव्हां ते सत्तरीचे होते. जालन्यांतील श्री गणपती नेत्रालय हें डोळ्यांचें रुग्णालय उभें करण्यांतहि ते होते. आमच्याकडील कितीतरी म्हाताऱ्या माणसांचे मोतीबिंदु तेथें उतरले. माझ्या मायचाहि.

येथें थांबलों असतों तर हें भाषण सत्काराच्या भाषणासारखें गोड झालें असतें. परंतु पुढचें न सांगणें बरें दिसणार नाहीं. मार्च २००२ मध्यें भारत सरकारनें बीटी कापसास परवानगी दिली, आणि तें बियाणें महिकोनें अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीच्या सहकार्यानें आणलेलें होतें. बोंडअळीस मारणारा एका जंतूचा गुण कापसाच्या अंगांत घातलेला. आरंभीं त्याचा उपयोग झाला, फवारण्या कमी झाल्या, हें मीं आमच्याच गांवीं पाहिलें. पण ४५० ग्रॅमच्या पिशवीस सुमारें १,६०० रुपये पडत. २००६ सालीं तो भाव ७५० पर्यंत उतरला, तोहि तक्रारी झाल्यावर. दहा-बारा वर्षांत कापसाचें जवळजवळ सर्व रान या एकाच जातीच्या गुणाखालीं आलें. शेताच्या कडेनें साधा कापूस लावावा, म्हणजे अळीस हें विष पचण्याची संवय लागत नाहीं, असा नियम होता. तो थोड्यांनीं पाळला. अळीला संवय लागली. २०१७ च्या खरिपांत गुलाबी बोंडअळीनें विदर्भ-मराठवाड्याचा कापूस पोखरून काढला. त्याच वर्षीं २४ जुलैस बारवाले वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं वारले. पेरण्या झालेल्या होत्या, बोंडें धरावयाचीं होतीं.

माझे एक जुने सहाध्यायी आहेत. ते म्हणतात, "गुरुजी, ज्या पिढीनें निजामाची लेव्ही बंद पाडली त्याच पिढींतल्या माणसानें शेतकऱ्यावर दर जूनची लेव्ही बसविली." वाक्य झणझणीत आहे, पण मला तें न्याय्य वाटत नाहीं. लेव्ही बंदुकीच्या जोरावर नेत. पिशवी अण्णांनीं आपल्या पायांनीं जाऊन आणली, आणि दुसऱ्या वर्षीं फजिती झाल्यावरहि तिसऱ्या वर्षीं पुन्हा आणली, कारण पोतीं मोजतां येत होतीं. आपलें घरचें बीं राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्यास देण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्यानें मान्यहि केलेला आहे. तथापि सहाध्यायांच्या बोलण्यांत एक कांटा आहे, तो मला काढतां येत नाहीं. कागदावर हक्क आहे, पण मडकें कोठें आहे? कापसाचें साधें बीं मागावयास गेलें तर दुकानांत मिळेना, घरीं कोणी राखलेलें नाहीं, आणि राखण्याची विद्या जाणणारी माय गेली. १९६४ सालीं बारवाल्यांनीं शेतकऱ्यापुढें घरच्या बियाण्याशिवाय आणखी एक वाट ठेवली होती. कापसाच्या बाबतींत पुढें ती एकच वाट उरली. याचा सगळा बोजा एका माणसाच्या माथीं मारणें चूक आहे. त्यांत सरकार आहे, आम्ही शेतकऱ्यांचीं मुलें आहों, आणि विकत घेण्याची सोय कोणाला नको असते?

बारवाल्यांचा सत्कार करावयाचा तर या सगळ्यासकट करावा असें माझें मत आहे. रझाकारांच्या दिवसांत लढ्यांत उतरलेला विद्यार्थी, भेंडीचें बीं धरणारा शेतकरी, फुलोऱ्यांत भेसळ उपटून टाकणारा कारखानदार, आणि ज्याच्या कंपनीच्या कापसावरून देशभर वाद झाला तो वयोवृद्ध उद्योगपति, हीं एकाच आयुष्याचीं पानें आहेत. स्मृतिस्तंभापाशीं त्यांतलें पहिलें तेवढें वाचतात.

गेल्या मृगांत मी गांवीं गेलों होतों. पुतण्या जालन्याहून कापसाच्या पिशव्या घेऊन आला होता आणि त्यांची पावती त्यानें पत्र्याच्या डब्यांत जपून ठेवली होती, कारण उगवण झाली नाहीं तर तक्रारीस तिचा उपयोग. तूर मात्र घरचीच पेरावयाची होती. ती प्लास्टिकच्या बरणींत भरलेली होती. बरणीचें झांकण उघडतांच कडुनिंबाचा वाळलेला पाला वर आला. हें तुला कोणीं सांगितलें म्हणून विचारलें, तर तो म्हणाला, "आजी घालायची ना, काका." आणि बरणी उचलून तो पाभरीकडे गेला.